डॉक्टरचे बियाणे कोण निवडतो?

कापसाचा भाव, वीजबिल, पीकविमा हे विषय पत्रिकेवर असताना डॉक्टरकीच्या प्रवेशाचा विषय जिल्हा बैठकीपुढे कशाला, असे काही शेतकरी भाऊ विचारतील. विचारायलाच हवे. आमचे उत्तर सरळ आहे. कोरडवाहू घर कर्जात का बुडते याची कारणे मोजायला बसले, तर नापिकी आणि पडलेला भाव यांच्या पाठोपाठ दवाखाना येतो. एक बाळंतपण अडले, एकाला पान लागले, फवारणी करताना एक माणूस भोवळ येऊन पडला, की गोठ्यातली बैलजोडी बाजारात उभी राहते.

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा झाली. वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो आजारी पडले. अशा वेळी पहिला तास ज्याच्या हाती जातो तो माणूस कसा आहे, यावर जीव टांगलेला असतो. कोणते औषध मारले, कशात मिसळले, डबा सोबत आणला का, हे तो विचारतो का? आपली बोली त्याला कळते का? स्वतःला जमत नसेल तर वेळ न दवडता पुढे पाठवतो का? मुळात तो त्या दिवशी केंद्रावर असतो का?

सपाट भागात ३०,००० लोकवस्तीमागे आणि आदिवासी, डोंगरी भागात २०,००० मागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा सरकारी हिशेब आहे. इमारती उभ्या राहिल्या. पण इमारत नाडी पाहत नाही. म्हणून प्रश्न येतो तो असा, की पुढची चाळीस वर्षे आपली नाडी पाहणारा माणूस कोण निवडतो आणि कोणत्या मापाने निवडतो?

उगवण चाचणी म्हणजे वाणाची निवड नव्हे

आज एमबीबीएसच्या प्रवेशाचे माप एकच आहे. नीट. १८० प्रश्न, ७२० गुण. बरोबर उत्तराला चार मिळतात, चुकले तर एक वजा होतो. पदार्थविज्ञान, रसायन आणि जीवशास्त्र एवढेच विषय. २०२४ साली २३ लाखांवर मुले या परीक्षेला बसली. एमबीबीएसच्या जागा त्या वेळी देशभरात लाखाच्या थोड्या वर होत्या. एका गुणात हजारो मुले अडकलेली असतात आणि त्या एका गुणावर कोणी डॉक्टर होतो, कोणी होत नाही.

आम्ही शेतीचे शिक्षण घेतले आहे, म्हणून आमच्या धंद्यातल्या भाषेत सांगतो. पेरणीपूर्वी आपण शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात ठेवतो. किती उगवले ते पाहतो. ही उगवण चाचणी. ती हवीच. ज्या बियाण्याचे शंभरातले चाळीसच दाणे उगवतात ते कोणी पेरणार नाही. पण एका पिशवीतले ९२ उगवले आणि दुसऱ्या पिशवीतले ९४, म्हणून दुसरे वाण श्रेष्ठ, असे कोणी शहाणा शेतकरी म्हणतो का? ऑगस्टात पंचवीस दिवस पाऊस उघडला तर ते टिकेल का, हलक्या रानात बोंड धरील का, रोगाला बळी पडेल का, हे गोणपाट सांगत नाही. ते रान सांगते.

नीट ही उगवण चाचणी आहे. डॉक्टर होण्याइतकी बुद्धी आणि अभ्यासाची सवय मुलात आहे की नाही, हे ती सांगते. त्याहून अधिक सांगत नाही. आणि आपण मात्र ६४१ आणि ६४३ यांतला फरक म्हणजे गुणवत्तेचा फरक, असे धरून चाललो आहोत.

कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर पाणी, खत, फवारणी सगळे वेळेवर देऊन जे वाण पहिले येते, ते मुरमाड रानात पहिले येईलच असे नाही, हा धडा आपण फार पैसे मोजून शिकलो आहोत. उलट मालदांडी ३५-१ पाहा. सोलापूर जिल्ह्यात मोहोळला, गावरान मालदांडीतूनच तिची निवड झाली. जिथे पिकायची तिथेच निवडली गेली. म्हणून इतके संकरित वाण आले तरी रब्बीच्या कोरडवाहू रानातून ती उठली नाही. ज्या रानात पेरायचे त्या रानात निवड करा, हा पैदासशास्त्राचा पहिला पाठ. तोच पाठ माणसांच्या निवडीला का लागू नये?

गुणवत्ता की ऐपत?

नीट सर्वांना सारखी, गरीब-श्रीमंत भेद नाही, असे सांगितले जाते. प्रश्नपत्रिका सारखी आहे, हे खरे. तयारी सारखी नाही. लातूर, नांदेड, कोटा येथे दोन-दोन वर्षांची शिकवणी, खोलीभाडे, डबा, आणि नंबर लागला नाही तर आणखी एक वर्ष. एकरी चार-पाच क्विंटल कापूस पिकवणाऱ्या घराने हा खर्च कोठून काढायचा? ज्याने काढला त्याने शेत गहाण टाकून काढला. आणि एवढे करून २०२४ साली पोराला सहाशेच्या आसपास गुण मिळाले तरी सरकारी जागेची खात्री नव्हती.

आता दुसरी बाजू पाहा. २०२३ साली खुल्या गटासाठी नीटचा पात्रता उंबरठा ७२० पैकी १३७ गुण होता. म्हणजे दीडशे गुण मिळवणारा मुलगा पात्र. त्याच्या बापाजवळ खासगी महाविद्यालयाची लाखोंची फी भरण्याची ताकद असेल, तर तो डॉक्टर होऊ शकतो. सहाशेवाला घरी, दीडशेवाला दवाखान्यात. त्याच वर्षी पदव्युत्तर जागा रिकाम्या राहू लागल्या तेव्हा तिथला पात्रता उंबरठा थेट शून्य पर्सेंटाइलवर आणला गेला. गरिबाच्या वेळी एका गुणाची गुणवत्ता, श्रीमंताच्या वेळी शून्यही चालते. याला गुणवत्तेची परीक्षा म्हणायचे की ऐपतीची?

२०२४ साली पहिल्या निकालात ६७ मुलांना ७२० पैकी ७२० गुण पडले. पाटणा आणि हजारीबाग येथे पेपर फुटल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही मान्य केले. सगळे दैव एकाच तीन तासांच्या पेपरावर टांगले, की त्या पेपराला काळ्या बाजाराचा भाव येणारच. टंचाईच्या मालाचे काय होते, ते आपल्याला कोणी शिकवायला नको.

तमिळनाडूने डोळे उघडे ठेवून पाहिले. न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ साली अहवाल दिला, की नीट आल्यापासून खेड्यातल्या, सरकारी शाळेतल्या आणि तमिळ माध्यमातल्या मुलांचा वैद्यकीय प्रवेशातला वाटा घटला. त्याआधी २०२० मध्येच त्या राज्याने सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा कायद्याने राखल्या. नीट पास व्हावेच लागते, पण स्पर्धा आपल्यासारख्यांशीच. तिथे मजुरांची पोरे डॉक्टर होऊ लागली. आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या पोरांसाठी असे काही करावे, असे कोणाच्या मनात येत नाही.

चांगला डॉक्टर ओळखता येतो का?

कोणी म्हणेल, चांगुलपणा काय तराजूत तोलता येतो? पूर्ण नाही. पण जगात लोकांनी प्रयत्न केले आहेत आणि त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

पहिली गोष्ट अमेरिकेतल्या टेक्ससची. १९७९ साली तिथल्या विधिमंडळाने ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयाला जागा १५० वरून २०० करायला लावल्या. प्रवेश तर होऊन गेलेले. मग मुलाखतीत खालचा क्रमांक मिळाल्याने आधी नाकारलेली ५० मुले घ्यावी लागली. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली. शिक्षण सोडून जाणारे, रुग्णांजवळचे काम, मानसन्मान, कशातही फरक सापडला नाही. म्हणजे चार प्राध्यापक खुर्च्या टाकून बसतात, 'डॉक्टर का व्हायचे' विचारतात आणि मुलगा 'गरिबांची सेवा करायची' असे पाठ म्हणतो, त्या मुलाखतीला काडीचा अर्थ नाही.

दुसरी गोष्ट २००५ ची, तीही अमेरिकेतलीच. ज्या डॉक्टरांवर पुढे गैरवर्तनाची कारवाई झाली, अशा २३५ जणांच्या विद्यार्थीदशेतल्या नोंदी तपासल्या गेल्या. कॉलेजात असतानाच बेजबाबदारपणे वागल्याची किंवा चूक दाखवली तरी न सुधारल्याची नोंद त्यांच्यात इतरांपेक्षा बरीच जास्त आढळली. कमी गुणांचाही थोडा संबंध होता, पण वागणुकीइतका नाही. म्हणजे वाईट डॉक्टर एका रात्रीत होत नाही. रोपावस्थेतच खुणा दिसतात. पाहणारा पाहिजे.

तिसरी गोष्ट कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाची. एक लांब मुलाखत टाकून त्यांनी दहा-बारा छोटी ठाणी लावली आणि २००४ साली ती पद्धत जगापुढे मांडली. प्रत्येक ठाण्यावर वेगळा परीक्षक, आठ-दहा मिनिटे, एक प्रसंग. रागावलेल्या नातेवाइकाशी बोल. हातून चूक झाली आहे, ती सांग. दोन माणसे आणि एकच जागा, काय करशील ते सांग. एकाचे गुण दुसऱ्याला माहीत नाहीत. अशा मापाचे निकाल जुन्या मुलाखतीपेक्षा भरवशाचे निघाले, आणि त्यातून निवडलेली मुले पुढच्या परीक्षांतही चांगली उतरली.

चौथी गोष्ट आपल्या ग्रामपंचायतीला ओळखीची वाटेल. नेदरलँड्समध्ये १९७२ पासून २०१७ पर्यंत वैद्यकीय प्रवेशासाठी चिठ्ठ्या टाकत. पात्र ठरला त्याची चिठ्ठी. गुण जास्त तर संधी जास्त. १९९९ नंतर फारच चांगले गुण असलेल्यांना थेट प्रवेश. पात्र मुलांतला बारीक फरक माणसाला कळत नाही, हे त्यांनी प्रामाणिकपणे मान्य केले. त्या देशातले डॉक्टर काही वाईट निघाले नाहीत. मध्ये ही पद्धत बंद केली, पण पुढे चिठ्ठीला पुन्हा परवानगी द्यावी लागली.

आपल्याच मातीतला पुरावा

परदेशाची उदाहरणे झाली. आता घरचे पाहू.

वेल्लोरचे ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालय लेखी परीक्षेनंतर निवडक मुलांना काही दिवस बोलावून घेई. एकत्र कामे करायला लावी, पारखून घेई, आणि पुरस्कृत मुलांना दूरच्या मिशन दवाखान्यांत सेवा देणे बंधनकारक असे. त्याच महाविद्यालयातून बाहेर पडलेले डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० साली जामखेडला आले. जामखेड म्हणजे ज्वारीचा, दुष्काळाचा मुलूख. त्यांनी गावातल्या कमी शिकलेल्या, काही निरक्षर बायांना आरोग्याचे शिक्षण दिले आणि गावाचे आरोग्य गावाच्या हाती दिले. जगभरातून लोक ते पाहायला आले. नीट सक्तीची झाल्यावर वेल्लोरने २०१७ साली निषेध म्हणून शंभर जागांपैकी एकच भरली. २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की नीट सर्वांनाच लागू.

सेवाग्रामचे महात्मा गांधी वैद्यकीय महाविद्यालय डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली सुरू केले. कापसाच्या ऐन मुलखात. तिथल्या स्वतंत्र प्रवेश परीक्षेत गांधीविचाराचा एक पेपर असे. प्रवेशानंतर आश्रमात शिबिर, प्रत्येक तुकडीला एक दत्तक गाव, आणि पुढच्या शिक्षणाआधी ग्रामीण सेवा. गांधीविचाराचा पेपर पाठ करूनही लिहिता येतो, हे आम्हालाही कळते. पण ज्या मुलाला खेड्याचे वावडे आहे तो असल्या ठिकाणी अर्जच करीत नसे. गाळणी लागायची ती तिथे. नीट आल्यावर ती परीक्षा गेली.

आणि महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. जालना जिल्ह्यातल्या देहेड गावच्या गरीब शेतकऱ्याचा मुलगा. पडेल ते काम करून शिकले. कोकणातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचू चावून मरणारी पोरे पाहिली. रात्र रात्र त्यांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. रक्तदाबावरचे प्रॅझोसिन हे औषध विंचवाच्या विषावर चालते, हे ऐंशीच्या दशकात त्यांनी 'लॅन्सेट'सारख्या नियतकालिकात मांडले. आज हजारो जीव त्या गोळीवर वाचतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात विंचवाचा रोगी येतो किती? तो येतो आपल्याकडे. ज्याला आपले मरण दिसते, तोच त्यावर औषध शोधतो.

आमचे म्हणणे हुशारीच्या विरोधात नाही, हे नीट ध्यानात घ्या. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग विद्यापीठाची सुवर्णपदके मिळवलेले आहेत. डॉ. राणी बंग यांच्यासोबत १९८६ साली त्यांनी गडचिरोलीत काम सुरू केले. गावातल्या बायांना शिकवून नवजात बालकांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी केले, आणि १९९९ साली ते जगापुढे मांडले. हुशारी पाहिजेच. विषबाधेत अॅट्रोपिन किती आणि किती वेळाने द्यायचे, हे न येणारा प्रेमळ डॉक्टर आपल्या काय कामाचा? पण नुसती हुशारी गावात मुक्काम करीत नाही.

मुक्काम कोण करतो, यालाही उत्तर आहे. फिलाडेल्फियाच्या जेफरसन वैद्यकीय महाविद्यालयाने १९७४ पासून खेड्यात वाढलेली आणि खेड्यात डॉक्टरकी करू इच्छिणारी मुले वेगळी निवडून घेतली. पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या सातही वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या डॉक्टरांत ती मुले जेमतेम १ टक्का. पण त्याच महाविद्यालयांतून शिकून त्या राज्याच्या खेड्यांत कुटुंबवैद्य झालेल्यांत ती २१ टक्के निघाली. जपानने १९७२ साली जिची नावाचे खास महाविद्यालय काढले. प्रत्येक प्रांतातून दोन-तीन मुले, फी माफ, आणि पदवीनंतर साधारण नऊ वर्षे आपल्याच प्रांतात नोकरी. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१० सालीच सर्व देशांना सांगितले, की खेड्यात डॉक्टर टिकवायचा असेल तर खेड्यातले मूल निवडा.

पुन्हा ग्रेडर नको

आता सर्वात मोठा आक्षेप. तुम्ही मुलाखत आणली, की वशिला आला. वशिल्याबरोबर पैसा आला. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. एकाधिकार खरेदीच्या काळात एका ग्रेडरने बोटाने कापूस चिमटून 'फेअर' म्हटले, की वर्षाची कमाई गेली, हे आपण भोगले आहे. देणग्या घेऊन डॉक्टरकी विकण्याचा बाजार महाराष्ट्राने ऐंशीच्या दशकात उघड्या डोळ्यांनी पाहिला. १९९२ साली सर्वोच्च न्यायालयाला कर्नाटकातल्या मोहिनी जैन प्रकरणात त्यावर कोरडे ओढावे लागले.

पण ग्रेडर वाईट का होता? एकटा होता म्हणून, बंद दाराआड होता म्हणून, आणि त्याच्यावर अपील नव्हते म्हणून. दहा परीक्षक, चिठ्ठी टाकून नेमलेले, ज्यांना मुलाचे नाव, गाव, जात कळत नाही, एकमेकांचे गुण कळत नाहीत, असे असतील तर विकत घ्यायचे कोणाला? आणि तेवढाही विश्वास बसत नसेल, तर चिठ्ठी टाका. पात्र मुलांत चिठ्ठी टाकणे हे विकलेल्या जागेपेक्षा शंभर पट न्यायाचे आहे. चिठ्ठीला शिकवणी लागत नाही.

प्रदेशाचा कोटा एवढ्याने काम भागत नाही, हेही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात ७०:३० चे सूत्र होते, ते २०२० साली रद्द झाले. मराठवाड्यात महाविद्यालये कमी, म्हणून तिथल्या मुलांवर त्याने अन्याय होई. रद्द झाले ते ठीकच. पण त्या सूत्रातही नागपूर शहरातला शल्यचिकित्सकाचा मुलगा आणि झरी-जामणीतला शेतमजुराचा मुलगा एकाच मापात होते. मूल कोणत्या विभागातले, यापेक्षा ते कोणत्या शाळेत, कोणत्या गावात वाढले, हे विचारा.

शेवटची गोष्ट. चांगले बियाणे आणून खडकावर पेरले तर दोष बियाण्याचा नाही. केंद्रावर राहायला घर नाही, सापावरचे इंजेक्शन नाही, नर्स नाही, आणि रोगी दगावला की लोक डॉक्टरच्या अंगावर धावून जातात. अशा ठिकाणी बावस्करसुद्धा किती दिवस टिकतील? ही बाजू सरकारची आहे, आणि थोडी आपलीही आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील ठराव ठेवतो. त्यावर वाद करा, दुरुस्त्या सुचवा, पण विषय पुढे ढकलू नका.

१. नीट ही पात्रतेची चाचणी म्हणून राहावी, अंतिम माप म्हणून नको. पात्रतेचा उंबरठा मात्र खराखुरा असावा, आणि पैसेवाल्यासाठी तो खाली आणू नये.

२. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतल्या काही जागा पाचवी ते दहावी खेड्यातल्या जिल्हा परिषद किंवा अनुदानित शाळेत शिकलेल्या मुलांसाठी कायद्याने राखाव्यात. तमिळनाडूने केले ते महाराष्ट्राला अशक्य नाही.

३. या जागांवर पात्र मुलांची निवड अनेक परीक्षकांच्या ठाणे पद्धतीने व्हावी. ते जमेपर्यंत जाहीर चिठ्ठीने व्हावी.

४. शिकत असताना रुग्णांशी वागणूक आणि जबाबदारी यांची नोंद व्हावी. ती सुधारल्याशिवाय पदवी मिळू नये.

५. या मुलांची फी राज्याने भरावी, आणि त्यांनी ठरलेली वर्षे आपल्याच जिल्ह्यात सेवा द्यावी. दंड भरून सुटण्याची वाट ठेवू नये.

६. प्रत्येक केंद्रावर निवास, सर्पदंश आणि फवारणीच्या विषबाधेवरची औषधे हंगामापूर्वी पोचली की नाहीत, याची तपासणी गावाने करावी.

सहावे कलम कोणाच्या मंजुरीची वाट पाहत नाही. मृगाच्या आधी प्रत्येक तालुक्यातल्या चार कार्यकर्त्यांनी आपल्या केंद्रावर जावे, डॉक्टरला भेटावे, काय आहे आणि काय नाही ते लिहून घ्यावे आणि तो कागद पुढच्या बैठकीत घेऊन यावा.